चिंचेच्या पाण्यातली नळी

आमच्या ऑफिसात खिडकीखाली एक लोखंडी रॅक आहे. त्यावर पोलादी नळ्यांचे वीतभर लांबीचे तुकडे ओळीनं उभे असतात. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "पेनं ठेवायला का?" दोन-तीन तुकड्यांत पेनं आहेतही, पण रॅक त्यासाठी नाही. ते नमुने आहेत आणि त्यांची वही माझ्याकडे असते.

मी याद्या करणारी बाई आहे. घरी फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, ऑफिसात तीन. कुणी हसलं तर हसू देते. याद्यांमुळे माझं आजवर फारसं काही अडलेलं नाही. एकदाच मोठं अडलं, आणि तेही वहीत एक रकाना कमी होता म्हणून.

आमचं काम कागदांचं. वाळूजच्या आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना परदेशातून जो माल येतो, तो शहराबाहेर, दौलताबादच्या रस्त्याला असलेल्या कंटेनर डेपोत उतरतो. तो कस्टम्समधून सोडवण्याचे कागद आम्ही करतो. यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे मालाचा क्रमांक ठरवणं. कस्टम्सच्या दरपुस्तकात जिवंत घोड्यापासून जुन्या पुतळ्यांपर्यंत प्रत्येक वस्तूला आठ आकड्यांचा क्रमांक आहे. शुल्क किती, नोंदणी कुठली, दाखला कोणता, सगळं त्या आठ आकड्यांवर ठरतं. क्रमांक चुकला आणि तो कस्टम्सच्या साहेबांनी पकडला, तर कागदावर 'चुकीची घोषणा' असा शब्द येतो. आमच्या धंद्यात तो शब्द माणसाच्या नावाला चिकटतो.

हे काम मला सरांनी शिकवलं. मालक मुंबईला, वर्षातून दोनदा येणार; इथलं ऑफिस म्हणजे सरच. मी आले तेव्हा तिशीच्या आत होते, आता पन्नाशी ओलांडली. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, टायपिंग करायला लावतील. सरांनी टेबलावर तीन नळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, डोळे मिटा आणि आत बोट घाला." मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांनी मला पहिल्यापासून ताईच म्हटलं.

मी बोट घातलं. दोन नळ्या आतून गुळगुळीत होत्या. तिसरीत एक बारीक कंगोरा बोटाला लागला.

"ती जोडाची," सर म्हणाले. "पोलादाची पट्टी घ्यायची, पुस्तकाच्या कव्हरसारखी वळवायची आणि कडेला कड लावून जाळायची. या दोन बिनजोडाच्या. लालभडक सळईत भोक पाडून काढलेल्या. बिनजोडाच्या क्रमांकाचे पहिले चार आकडे ७३०४, जोडाच्या ७३०६. कारखानदार तुम्हाला सांगेल, ही सायकलला लागते, ही बॉयलरला लागते. ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा. पण नळीला तू काय काम करणार असं विचारायचं नाही. तू जन्मलीस कशी, हे विचारायचं."

त्यांचा दुसरा नियम असा, की वस्तू हातात घेतल्याशिवाय क्रमांक लिहायचा नाही. कागद काहीही म्हणो. नव्या मालाचा नमुना कुरिअरनं आधी मागवायचा, सरांनी खिडकीत उभं राहून खिशातल्या छोट्या बॅटरीनं आत पाहायचं, बोट फिरवायचं, कडेची धार नखानं तपासायची आणि मगच पेन उघडायचं. नमुना मग माझ्याकडे यायचा. मी पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायचे, वहीत तारीख, बाहेरचा व्यास, जाडी आणि गिऱ्हाईक लिहायचे आणि तुकडा रॅकवर ठेवायचे. रॅक माझी कल्पना. सर आधी सगळे तुकडे एका गोणीत टाकत.

सरांचा एक अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या सहीच्या एकाही कागदात क्रमांकाची दुरुस्ती झाली नव्हती. नव्या आलेल्या अधिकाऱ्यालाही ते पहिल्या चहाला हे सांगत. निवृत्तीचं ठरलं तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं: डेपोत जाण्याचा पास परत करताना पाठीमागे एकही दुरुस्ती राहू नये. बाकी सत्कार, शाल, नारळ काही नको.

"साहेब, पाठ तर कुणालाच दिसत नाय आपली," मावशी म्हणायची.

"म्हणून तर काळजी घ्यायची, मावशी."

मावशी म्हणजे आमच्याकडे झाडलोट आणि चहा करणारी बाई. माहेर कन्नडकडचं, राहायला मुकुंदवाडीला. वयानं माझ्याच बरोबरीची, पण ऑफिसात सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. खंडेनवमीला आमच्याकडे पूजा असते. कारखान्यात यंत्रांची करतात, आमची यंत्रं म्हणजे दरपुस्तकं, शिक्के, संगणक आणि सरांच्या हट्टानं ते नळ्यांचे तुकडे. मावशी पूजेला थांबत नाही. दसऱ्याला पांढरी साडी नेसून घरच्यांबरोबर बुद्धलेण्यावर जायचं असतं, त्याची तिची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. पण नवमीची सफाई मात्र ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. "पूजा तुमची, चकाकी माझी," हा तिचा ठरलेला हिशेब.

त्या वर्षी नवमी आठवड्याच्या मधे आली होती. आदल्या शुक्रवारी मी बँकेच्या कामाला गेले होते. मावशीनं रॅक रिकामं केलं. तुकड्यांवर तेलाचं मेण झालेलं, चिठ्ठ्या काळ्या पडलेल्या. तिनं चिठ्ठ्या सोडून एका वाटीत जपून ठेवल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण फेकल्या असत्या तरी मी काही बोलू शकले नसते. जपा असं मी कधी सांगितलंच नव्हतं. मग तिनं घरून आणलेली चिंच बादलीत कालवली, तांब्याच्या भांड्यांना करतात तशी, आणि सगळे तुकडे त्यात टाकले. तासाभरात घासून पुसून ठेवले. दोन मात्र तळाशी राहिले. शनिवारी तिच्या भाचीला पाहुणे बघायला येणार होते, कन्नडची गाडी गाठायची होती, आणि बादली मागच्या दाराशी तशीच राहिली. मावशी सोमवारी सकाळी परत आली आणि तेही दोन घासून राशीत ठेवले.

मी आले तेव्हा रॅक कोरं आणि टेबलावर तुकड्यांची चमचमती रास, शेजारी वाटीभर चिठ्ठ्या.

"कसं दिसतंय, मॅडम?"

"मावशी, चिठ्ठ्या?"

"ह्या काय. एक बी हरवली नाय."

रागावून उपयोग नव्हता. मी व्हर्नियरची मोजपट्टी काढली, वही उघडली आणि एकेक तुकडा मोजायला बसले. व्यास आणि जाडी जुळली की चिठ्ठी बांधायची. एकतीस तुकडे होते. दुपारच्या डब्यापर्यंत एकोणतीस जुळले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दोन उरले, तेच ते बादलीतले. व्यास तोच, जाडी तीच, लांबीही तीच. दोन्ही एकाच गिऱ्हाइकाचे. ते टिपरच्या ट्रॉलीखाली बसणारे हायड्रॉलिक सिलिंडर बनवतात. एक तुकडा त्यांच्या जुन्या मिलचा, चार वर्षांपूर्वीचा. दुसरा नव्या मिलचा, आठवड्यापूर्वीच कुरिअरनं आलेला; सरांनी तो अजून पाहिलाही नव्हता.

एक स्वच्छ होता. दुसऱ्याच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट रेघ होती.

"ह्यो डाग काय निघंना," मावशी म्हणाली. "लई घासलं. राख लावली, लिंबू लावलं. हाय तिथंच हाय."

मी विचार केला आणि तो मला अगदी पक्का वाटला. नवा माल डागाळलेला कसा येईल? डाग पडायला दिवस जावे लागतात. स्वच्छ तुकड्याला मी नव्या मिलची चिठ्ठी बांधली, रेघेच्या तुकड्याला जुनी. जुना तुकडा खराब झाला म्हणून रॅकच्या मागच्या ओळीत ढकलला. वहीत एकतीस खुणा पूर्ण झाल्या. मावशी समोरच टेबल पुसत उभी होती. तिला एक शब्द विचारावा असं माझ्या डोक्यात आलं नाही.

पूजा झाली. झेंडूचा हार सगळ्या तुकड्यांवरून फिरवला. दसरा गेला, आणि महिनाअखेरीला सरांचा शेवटचा दिवस ठरला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी सिलिंडरवाल्यांच्या कंटेनरचे कागद आले. ही सरांच्या सहीची शेवटची फाइल असणार होती, म्हणून त्यांनी ती मला करू दिली नाही.

"नमुना द्या," म्हणाले.

मी स्वच्छ तुकडा दिला. ते खिडकीत गेले. बॅटरी, बोट, नख. वय झालं होतं, पण बोट तेच. गिऱ्हाइकाला मी फोन केला होता, खरेदीवाला म्हणाला, "तीच नळी आहे मॅडम, फक्त मिल वेगळी." मिलचा दाखला स्कॅन होऊन आला होता. त्यावर नळीच्या मानकाचा क्रमांक होता, पण कागद तिरका लागल्यामुळे शेवटचा आकडा कडेला कापला गेला होता. माझ्या यादीत 'दाखला आला' असं होतं, त्यापुढे मी खूण केली. 'दाखला पूर्ण आला' असं त्या यादीत नव्हतं.

"बिनजोड," सर म्हणाले, आणि ७३०४चा क्रमांक लिहून त्यांनी सही केली. सही करून पेनाला टोपण लावलं, ते पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "झालं बघा. आता हे तुम्ही वापरा."

कंटेनर डेपोत आला. दुसऱ्या दिवशी अकराला तपासणी होती. साधीच होती: नगांची संख्या, माप, वजन. जोडाचा संशय कुणालाच नव्हता, आम्हालाही नव्हता.

त्या दुपारी चारला मावशी चहा घेऊन आली. माझ्या टेबलावर उद्यासाठी काढलेला स्वच्छ तुकडा होता, चिठ्ठीसकट. तिला मराठी वाचता चांगलं येतं. शाळा सातवीपर्यंत झाली आहे. तिनं चिठ्ठी वाचली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "नवीन नळी ही नाय, मॅडम."

"म्हणजे?"

"नवीन ती डागाची. कुरिअरचं पाकीट मीच कापलं व्हतं की. हिला काय टोपण नव्हतं. तिला निळं टोपण व्हतं, पलास्टिकचं. साखरेच्या डब्याचं झाकण फुटलेलं, म्हणून मी ते तिथं बसवलं."

मी उठून मागच्या खोलीत गेले. साखरेच्या डब्यावर निळं टोपण घट्ट बसलं होतं. उलटं करून पाहिलं तर आत नव्या मिलचं चिकटपत्र, अर्धं साखरेनं भरलेलं.

"पण मावशी, टोपण काढताना दुसऱ्या तुकड्याशी अदलाबदल झाली नसेल कशावरून?"

"आता मी माझी पातेली वळखते का नाय? त्या डागाचीची कड जरा धारदार व्हती, बोटाला लागली व्हती माझ्या. आन् भिजत घालायच्या आधी तिच्यात काय डाग नव्हता. पाण्यातनं काढल्यावरच आला."

पाण्यातून काढल्यावर आला. टोपण डब्यावर बसवून मी टेबलाशी परत आले आणि रॅकच्या मागच्या ओळीतून रेघेचा तुकडा काढला. वीस-बावीस वर्षं हे काम केलं आहे. आंबट पाण्यात पोलाद दोन-तीन दिवस राहिलं तर सगळीकडे सारखं काळवंडेल, घासलं की सारखंच उजळेल. एकाच सरळ रेघेत काळवंडलं तर त्या रेघेतलं पोलाद बाकीच्यासारखं नाही. तिथं ते एकदा जळून जोडलं गेलं आहे. काही मिल जोडाची नळी पुन्हा साच्यातून ओढतात. कंगोरा दबून जातो, बोटाला काही लागत नाही, बॅटरीत काही दिसत नाही. सरांनी मला हेही कधीतरी सांगितलं होतं.

चहा समोर निवत होता. खरं सांगायचं तर मी त्या वेळी एक हिशेब केला. उद्या नग मोजतील, वजन करतील, माल सुटेल. नळ्यांचे सिलिंडर होतील, सिलिंडर टिपरखाली जातील. सर कोरा पास परत करतील. जोड कुणालाही दिसणार नाही, आणि चूक माझी आहे हेही नाही. हा हिशेब चहावर साय धरेपर्यंत टिकला. मग मी दोन्ही तुकडे उचलले आणि सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, चिठ्ठ्या मी उलट्या बांधल्या. तुम्ही पाहिला तो जुना तुकडा. नवा हा."

त्यांनी तुकडा घेतला. बॅटरी लावली. रेघ पाहिली. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी अंगठा ओला करून रेघेवर फिरवला, जीभ लावून चव बघितली.

"हे कशात होतं?"

मावशी दारातच होती. "चिंचेत, साहेब. शुक्रवार ते सोमवार."

"चिंच," सर म्हणाले. त्यांनी बॅटरी बंद केली. "प्रयोगशाळेवाले याला आठ दिवस लावतात, मावशी."

"माझं चुकलं का?"

"तुमचं एकटीचंच बरोबर आहे इथं."

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, चिंचेवर दुरुस्तीचा अर्ज करता येत नाही. खात्री करू. गाडी काढा."

स्कूटरवर मागे बसून पासष्टी ओलांडलेला माणूस आणि त्याच्या मांडीवर पिशवीत दोन नळ्या, असे आम्ही शहागंजाच्या गर्दीतून सराफ्यात गेलो. तिथं एका माडीवर सरांच्या ओळखीचे एक कारागीर बसतात, सोनं कसोटीवर घासून तेजाबाच्या थेंबानं पारखणारे. सर त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"क्या साब, रिटायर होने के पहले नलका खोल के लाए क्या घर का?"

"उस्ताद, इसकी कड़ पे एक बूँद मारो. और इसकी भी."

"सोना नहीं निकलने का, मैं अब्बीच बोल देता हूँ."

"नक्को सोना. जोड़ निकलता क्या देखो."

उस्तादांनी दोन्ही तुकड्यांची कापलेली कड बारीक कागदानं घासून आरशासारखी केली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. काचेच्या काडीनं तेजाबाचा थेंब कडेवर गोल फिरवला, दुसऱ्या तुकड्याच्या कडेवरही फिरवला, आणि आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. जुन्या तुकड्याची कड सगळीकडे सारखी राखाडी झाली. नव्याच्या कडेवर एका जागी केसाएवढी रेघ उमटली, आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत आरपार. चिंचेची रेघ जिथं येऊन टेकत होती, नेमकी तिथं.

"हौ साब," उस्ताद म्हणाले. "टाँका है. पर कारीगर अच्छा था. मैं भी हाथ से नहीं पकड़ता."

सरांनी हे ऐकलं आणि मान हलवली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना सगळ्यात जास्त आधार या वाक्यानं दिला. खाली उतरताना म्हणाले, "ऐकलं ना? त्यांनीही पकडली नसती."

"सर, तुम्हाला तर ती मिळालीच नाही पकडायला."

"मिळाली असती तरी मी बिनजोडच लिहिलं असतं, ताई. म्हणून तुमची चूक तुमच्यापाशी फार वेळ ठेवू नका."

हे खरं असेलही. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील. मी ते अजून कुठल्याच यादीत टाकू शकलेले नाही.

ऑफिसात परत आलो तेव्हा सहा वाजले होते. गिऱ्हाइकाकडून दाखल्याची न कापलेली प्रत मागवली. खरेदीवाला आधी कुरकुरला, मग पाठवली. मानकाच्या क्रमांकाचा कडेचा आकडा आता दिसत होता. तो जोडाच्या नळीचा होता. म्हणजे कागद पहिल्यापासून खरं बोलत होता. त्याचं तुटलेलं शेपूट आम्ही मागितलं नव्हतं.

अर्ज मी लिहिला. 'माझ्याकडून नमुन्यांची अदलाबदल झाल्यामुळे' अशी सुरुवात केली. सरांनी वाचला, 'माझ्याकडून' ठेवलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

"सर, हे खोटं आहे."

"सही माझी आहे. सही करणाऱ्याच्या हातून झालं ते त्याच्याकडून झालं. तुमची वही तुमच्याकडे, त्यात काय लिहायचं ते लिहा."

मी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी आम्ही डेपोत होतो. तपासणीच्या अधिकारी तरुण होत्या, बदली होऊन नुकत्याच आलेल्या. पहिल्या चहाला सरांनी त्यांनाही ते एकही दुरुस्ती नसल्याचं सांगितलेलं होतं. सरांनी अर्ज पुढे ठेवला, त्यावर दाखला, त्यावर दोन्ही तुकडे.

त्यांनी वाचलं. "सर, आज फक्त संख्या आणि वजन आहे. जोड बघा असं मला कुणी सांगितलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे एक मावशी आहेत."

मग सगळी हकिकत सांगावी लागली, बादली आणि साखरेच्या डब्यासकट. त्या हसल्या नाहीत. तुकडा हातात घेऊन बराच वेळ आत पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला दाखवा नीट. बोट कुठं फिरवायचं?" सर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. अकराची तपासणी साडेबाराला सुरू झाली. कंटेनर उघडला तर सगळ्या नळ्यांच्या टोकांना निळी टोपणं.

दुरुस्ती मंजूर झाली. नोंदणी नव्या क्रमांकावर पुन्हा करावी लागली, शुल्काचा फरक भरावा लागला, त्यात दोन दिवस गेले आणि सिलिंडरवाल्यांनी मला फोनवर दोनदा ऐकवलं. ते ठीक आहे. सरांच्या नावापुढे मात्र इतक्या वर्षांत पहिली दुरुस्ती लागली, आणि शेवटच्या फाइलवर.   

दोन दिवसांनी ते डेपोत पास परत करायला गेले आणि अपेक्षेपेक्षा उशिरा आले. खिशातून घडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आमच्या फाइलवर त्या अधिकाऱ्यांनी जो शेरा लिहिला होता, त्याची प्रत त्यांनी मागून आणली होती. एकच ओळ होती: तपासणीपूर्वी, कोणीही विचारलेले नसताना, प्रतिनिधीने स्वतःहून दाखवून दिले.

"हे मावशींना वाचून दाखवा," म्हणाले.

"तुम्हीच दाखवा."

त्यांनी मागच्या खोलीत जाऊन दाखवलं. आतून मावशीचा आवाज आला, "म्हंजी चांगलं हाय का वाईट?"

"मला वाटतं चांगलं आहे."

"मग एवढं तोंड पाडून कशापायी वाचताय?"

सर मोठ्यानं हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी नेला. शेवटच्या दिवशी मालकांनी पाठवलेली शाल घ्यायला नाही म्हणाले, पण रेघेचा तुकडा मागितला. मी नाही म्हटलं. तो रॅकवरच हवा होता. वहीत तशी नोंद झाली होती. मग मी तो मधोमध कापून आणला. अर्धा त्यांना दिला, अर्धा इथं आहे. त्यांच्या घरी तो दिवाणावर, वर्तमानपत्रावर ठेवलेला असतो.

वहीत आता दोन रकाने जास्त आहेत. एक 'कोणी उघडलं', त्यात बहुतेक वेळा मावशी असं येतं. दुसरा 'भिजवलं'. तुकड्यांवर मी आता क्रमांक पंचानं ठोकून घेते. चिठ्ठ्यांवर विश्वास नाही. नवा नमुना आला की मावशी स्वतःच विचारते, "हिला टाकू का पाण्यात?" आणि शुक्रवारी एक छोटं पातेलं मागच्या दाराशी ठेवते. सोमवारी आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहून आत पाहतो. ती बॅटरी धरते, मी बोट फिरवते. बॅटरी सरांची आहे.

महिन्यातून एखाद्या सोमवारी त्यांचा फोन येतो. तब्येत, मुलं, पाऊसपाणी काही विचारत नाहीत.

"काय निघालं?"

"बिनजोड, सर."

"भिजवलं होतं ना?"

"भिजवलं होतं."

"मग लिहा," म्हणतात आणि फोन ठेवतात. मी पेनाचं टोपण काढते.